लहान सार्वजनिक विमानतळ : सुविधा, मालकी आणि जबाबदारी
(हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कोणत्याही प्रदेशाच्या विकासात दळणवळणाच्या साधनांना महत्त्वाचे स्थान असते. रस्ता, लोहमार्ग आणि हवाई मार्ग ही त्याची तीन प्रमुख अंगे होत. यांपैकी रस्ते व लोहमार्ग यांविषयी मराठवाड्यात विपुल चर्चा झालेली आहे. निजामी राजवटीत या विभागाला रेल्वे कमी मिळाली, मीटर गेजच्या रुळांमुळे तो उर्वरित देशापासून तुटलेला राहिला, हे विवेचन अनुशेषाच्या प्रश्नाबरोबर वारंवार मांडले गेले. हवाई वाहतुकीचा विचार मात्र बहुधा 'आमच्या जिल्ह्याला विमानतळ हवा' या मागणीपुरताच मर्यादित राहतो. विमानतळ म्हणजे नेमके काय, तो बांधल्यानंतर कोणाच्या मालकीचा असतो, तो रोज चालू ठेवण्याचा खर्च कोण करतो आणि विमानसेवा बंद पडल्यास त्या धावपट्टीचे काय होते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ असे पाच तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ११,७७,३४५ लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. जिल्ह्यासाठी सर्वांत जवळचा विमानतळ नांदेड येथील श्री गुरू गोबिंदसिंगजी विमानतळ हा होय. म्हणजे हिंगोलीकर ज्या विमानतळाचा उपयोग करतात तो त्यांच्या जिल्ह्यात नाही आणि त्याच्या व्यवस्थापनात त्यांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना कोणतेही स्थान नाही. प्रस्तुत लेखात लहान सार्वजनिक विमानतळाच्या सुविधांचे स्वरूप स्पष्ट करून, त्याच्या मालकीचा प्रश्न नांदेडच्या अनुभवाच्या आधारे तपासला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) लहान विमानतळाच्या भौतिक व तांत्रिक सुविधांचा परिचय करून देणे.
२) अमेरिकेतील काउंटीच्या मालकीचे विमानतळ आणि महाराष्ट्रातील लहान विमानतळ यांच्या व्यवस्थेची तुलना करणे.
३) नांदेड विमानतळाच्या वाटचालीतून विमानसेवेच्या सातत्याचा प्रश्न समजून घेणे.
४) हिंगोली जिल्ह्याची या संदर्भातील वास्तविक गरज स्पष्ट करणे.

लहान विमानतळाच्या सुविधा

सर्वसामान्य प्रवाशाच्या दृष्टीने विमानतळ म्हणजे प्रवासी इमारत. वस्तुतः ती विमानतळाचा सर्वांत दर्शनी, परंतु तांत्रिकदृष्ट्या सर्वांत गौण भाग होय. तंबूत तिकीट तपासून प्रवासी विमानात बसविता येतील. परंतु धावपट्टीवाचून विमान उतरविता येणार नाही. म्हणून सुविधांचा विचार धावपट्टीपासूनच करावा लागतो.

अ) धावपट्टी : धावपट्टीची दिशा त्या ठिकाणच्या प्रचलित वाऱ्यावरून ठरविली जाते, कारण विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते व उडते. धावपट्टीच्या टोकांवर रंगविलेले आकडे हे तिच्या चुंबकीय दिशेचे अंश दहाने भागून मिळालेले असतात. नांदेडच्या धावपट्टीची टोके १० व २८ या आकड्यांनी ओळखली जातात. म्हणजे एका बाजूने ती सुमारे १०० अंशांकडे, तर दुसऱ्या बाजूने सुमारे २८० अंशांकडे तोंड करते. स्थूलमानाने ती पूर्व–पश्चिम आहे.

धावपट्टी किती लांब असावी, हा लहान विमानतळाच्या बाबतीत कळीचा प्रश्न आहे आणि मराठवाड्याच्या हवामानाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. उष्ण हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना मिळणारा उचल कमी होतो, इंजिनाची शक्तीही घटते आणि विमानाला उड्डाणासाठी अधिक अंतर धावावे लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यासाठी स्थूल नियम दिलेले आहेत. समुद्रसपाटीपासूनच्या दर ३०० मीटर उंचीसाठी मूळ लांबीत ७ टक्के वाढ करावी. त्यानंतर त्या उंचीवरील प्रमाणित तापमानापेक्षा स्थानिक तापमान जितके अंश अधिक असेल तितके टक्के आणखी वाढ करावी. येथे स्थानिक तापमान म्हणजे सर्वांत उष्ण महिन्यातील दैनिक कमाल तापमानाची सरासरी होय.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सत्तर आसनांच्या पंखा-इंजिनाच्या विमानास प्रमाणित परिस्थितीत सुमारे १३०० मीटर धावपट्टी लागते असे मानू. विमानतळाची उंची ३८० मीटर आणि मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअस धरले, तर उंचीसाठी सुमारे ९ टक्के वाढ होऊन लांबी १४१६ मीटर होते. ३८० मीटर उंचीवरील प्रमाणित तापमान सुमारे १२.५ अंश असते. स्थानिक तापमान त्याहून २९.५ अंशांनी अधिक असल्याने तितके टक्के वाढ केल्यास लांबी सुमारे १८३० मीटर भरते. एकूण वाढ ३५ टक्क्यांहून अधिक असल्यास केवळ स्थूल नियमावर विसंबून न राहता स्वतंत्र अभ्यास करावा, असेही हीच संघटना सांगते. थंड हवेच्या, समुद्रकाठच्या प्रदेशात जे विमान १३०० मीटरवरून उडते त्यालाच आपल्याकडे मे महिन्यात अर्धा किलोमीटर अधिक धावपट्टी लागते. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळाची धावपट्टी १८५० मीटरपर्यंत वाढविल्यानंतरच तेथे १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, यामागील तांत्रिक कारण या गणितावरून ध्यानी येते. नांदेडची धावपट्टी २३०० मीटर लांब असल्याने तेथे जेट विमानेही उतरू शकतात.

आ) सुरक्षिततेचे क्षेत्र : धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना सपाट पट्टा आणि दोन्ही टोकांपलीकडे मोकळे सुरक्षा क्षेत्र राखावे लागते. विमान धावपट्टीबाहेर गेल्यास त्याची हानी कमी व्हावी, हा त्याचा हेतू. याशिवाय संपूर्ण परिसराला भिंत लागते. ग्रामीण भागात या भिंतीचे महत्त्व विशेष आहे. कारण गुरे, रानडुकरे, हरणे व भटकी कुत्री धावपट्टीवर येणे हा तेथील नित्याचा धोका असतो. पक्ष्यांचा धोकाही तितकाच गंभीर आहे. त्यामुळे विमान नियम १९३७ मध्ये विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात उघड्यावर जनावरे कापणे व पक्षी आकर्षित होतील असा कचरा टाकणे यांस मनाई करण्यात आली. याचा अर्थ असा की विमानतळाची सुरक्षितता भिंतीच्या आत संपत नाही. ती भोवतालच्या ग्रामपंचायतींच्या व महानगरपालिकेच्या घनकचरा व्यवस्थापनावर अवलंबून असते.

इ) मार्गदर्शक साधने : वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी हे यांतील सर्वांत साधे व आजही अनिवार्य साधन. धावपट्टीच्या कडेचे दिवे, उतरण्याचा कोन योग्य आहे की नाही हे लाल व पांढऱ्या प्रकाशाने सांगणारी दीपमालिका, रेडिओ दिशादर्शक केंद्र आणि हवामान निरीक्षणाची उपकरणे ही त्यापुढील साधने होत. यांपैकी किती साधने उपलब्ध आहेत यावर रात्री किंवा धुक्यात विमान उतरू शकेल काय, हे ठरते. साधने अपुरी असल्यास पावसाळ्यातील ढगाळ दिवशी विमान परत फिरविले जाते. प्रवासी एकदोनदा असा अनुभव घेतो आणि तिसऱ्या वेळी रेल्वेचे तिकीट काढतो.

ई) अग्निशमन : विमानतळाची अग्निशमन श्रेणी तेथे येणाऱ्या विमानाच्या लांबी-रुंदीवरून ठरते. सत्तर आसनांच्या पंखा-इंजिनाच्या विमानास पाचवी, तर एअरबस ३२० विमानास सहावी श्रेणी लागते. पाचव्या श्रेणीपर्यंत एक आणि सहावीसाठी दोन बंब आवश्यक असतात. धावपट्टीच्या कोणत्याही टोकाशी बंब तीन मिनिटांच्या आत पोहोचला पाहिजे. म्हणून शहराच्या अग्निशमन केंद्रातील बंब येथे उपयोगी पडत नाही. दिवसातून एकच विमान येत असले तरी त्या वेळेसाठी प्रशिक्षित कर्मचारी व सज्ज वाहन विमानतळावरच असावे लागते.

उ) इतर सुविधा : विमाने उभी करण्याचा फरसबंद चौक, तेथपर्यंतचा जोडमार्ग, इंधन साठवण, प्रवासी व सामान तपासणीची यंत्रे, पोलीस बंदोबस्त आणि रुग्णवाहिका यांचा येथे समावेश होतो.

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विमानतळाचा बहुतांश खर्च विमानांच्या संख्येवर अवलंबून नसतो. दिवसाला एक विमान आले काय किंवा दहा आली काय. धावपट्टी, भिंत, बंब, दिवे व पहारा यांवरील खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. उलट उत्पन्न मात्र विमानांच्या व प्रवाशांच्या संख्येवरच ठरते. समजा ७६ आसनांचे एक विमान रोज येऊन गेले, तर येणाऱ्या व जाणाऱ्या मिळून वर्षाला ५५,४८० आसने उपलब्ध होतात. त्यांतील ७० टक्के भरली तरी प्रवासी संख्या चाळीस हजारांच्या आतच राहते. एवढ्या प्रवाशांकडून मिळणाऱ्या शुल्कावर विमानतळ स्वतःचा खर्च भागवू शकणार नाही, हे उघड आहे. लहान विमानतळ हा स्वभावतः तोट्यातील उपक्रम होय. जिल्हा ग्रंथालय, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा महाविद्यालय ज्या अर्थाने तोट्यात असते त्याच अर्थाने. म्हणून त्याचा विचार नफ्याच्या नव्हे, तर सार्वजनिक जबाबदारीच्या अंगाने करणे क्रमप्राप्त ठरते.

मालकीचे दोन नमुने

अमेरिकेत काउंटी हे आपल्याकडील जिल्ह्याशी साधर्म्य असलेले प्रशासकीय क्षेत्र आहे. तिचे निर्वाचित मंडळ असते व स्थावर मालमत्तेवर कर आकारण्याचा अधिकार तिला असतो. तेथील असंख्य लहान विमानतळ काउंटीच्या किंवा नगराच्या मालकीचे आहेत. त्यांतील बहुतेक ठिकाणी नियमित प्रवासी सेवा नाहीच. खासगी लहान विमाने, उड्डाण प्रशिक्षण, शेतावरील औषध फवारणी, रुग्ण वाहतूक व वणवे विझविणे यांसाठी ते वापरले जातात. अनेक ठिकाणी नियंत्रण मनोराही नसतो. वैमानिक ठरलेल्या रेडिओ लहरीवर आपली स्थिती एकमेकांना सांगतात, रेडिओच्या कळीनेच धावपट्टीचे दिवे लावतात आणि स्वयंसेवा पंपावर इंधन भरतात. हँगरचे भाडे व इंधन विक्री हे उत्पन्नाचे मुख्य मार्ग असतात.

मोठ्या कामांसाठी काउंटीला संघराज्य सरकारकडून अनुदान मिळते. प्रवासी तिकिटांवरील व इंधनावरील करांतून १९७० साली यासाठी स्वतंत्र निधी उभारला गेला आणि १९८२ पासून विमानतळ सुधारणा कार्यक्रमाद्वारे त्याचे वाटप होते. या अनुदानाबरोबर काही बंधने येतात आणि तीच या व्यवस्थेतील सर्वांत शिकण्यासारखी बाब आहे. अनुदान घेणाऱ्या मालकाला विमानतळ सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो, त्याची देखभाल करावी लागते आणि विमानतळाचे उत्पन्न विमानतळावरच खर्च करावे लागते. विकासकामांच्या बाबतीत हे बंधन सामान्यतः वीस वर्षांचे असते. पैसा आणि जबाबदारी ही एकत्र दिली जातात. निर्णय घेणारे मंडळ स्थानिक असल्याने धावपट्टीला तडे गेल्यास जाब कोणाला विचारायचा हे मतदाराला माहीत असते.

भारतातील रचना याहून भिन्न आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत हवाई मार्ग, विमाने, विमानतळांची तरतूद व नियमन हे विषय संघसूचीतील २९ व्या नोंदीत आहेत. मात्र जमीन व पोलीस हे विषय राज्यसूचीत येतात. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायत राज संस्थांकडे सोपवावयाचे २९ विषय आहेत. त्यांत रस्ते, साकव, पूल, तरी, जलमार्ग व दळणवळणाची इतर साधने यांचा उल्लेख आहे, विमानतळाचा नाही. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ नुसार स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा रस्ते बांधतात, शाळा चालवितात, दवाखाने चालवितात. परंतु विमानतळ हा त्यांच्या कार्यकक्षेचा भाग कधीच नव्हता.

महाराष्ट्रात लहान धावपट्ट्या प्रामुख्याने सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधल्या. पुढे त्यांतील अनेक महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आल्या. २००२ साली स्थापन झालेली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी ही राज्याची या क्षेत्रातील स्वतंत्र कंपनी होय. शिर्डीचा विमानतळ तिनेच उभारला व १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. जळगाव, कोल्हापूर, सोलापूर यांसारखे काही विमानतळ मात्र केंद्राच्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहेत. परवाना देण्याचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, सुरक्षेचे निकष ठरविण्याचे काम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोचे, हवामानाची माहिती हवामान खात्याची व बंदोबस्त राज्य पोलिसांचा. अशा रीतीने एका लहान विमानतळावर अनेक यंत्रणांचे अधिकार एकवटतात. परंतु ज्या जिल्ह्यासाठी तो आहे त्या जिल्ह्याची निर्वाचित संस्था त्यांत आढळत नाही.

नांदेडचा अनुभव

नांदेड येथील धावपट्टी मूळ सार्वजनिक बांधकाम विभागाची. ऑक्टोबर २००८ मध्ये गुरू ग्रंथसाहिब यांना गुरुगादी प्रदान केल्याच्या घटनेस तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने देशविदेशांतून येणाऱ्या भाविकांसाठी नांदेड शहरात मोठी विकासकामे झाली, त्यांत विमानतळाचा विस्तारही होता. लांब धावपट्टी व नवी प्रवासी इमारत ही त्याची फलश्रुती. त्याच वर्षी किंगफिशर कंपनीने मुंबईची सेवा सुरू केली. ती टिकली नाही; पुढे २०१२ मध्ये त्या कंपनीची सर्वच उड्डाणे थांबली.

दरम्यान २००९ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), यवतमाळ व बारामती हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या खासगी कंपनीस दिले. खासगी भांडवल येईल, विमानतळ विकसित होतील व शासनावरील भार हलका होईल, ही त्यामागील अपेक्षा होती. तत्त्वतः तीत काही वावगे नाही. परंतु मागील विभागात पाहिल्याप्रमाणे लहान विमानतळाचा खर्च स्थिर आणि उत्पन्न अनिश्चित असते. नियमित विमानसेवा नसलेल्या धावपट्टीवर भांडवल गुंतविण्याचे आर्थिक कारण कोणत्याही चालकापाशी नसते. येथे दोष एखाद्या संस्थेचा मानण्यापेक्षा रचनेचा मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. सार्वजनिक हिताची सुविधा दीर्घ मुदतीने सोपविताना सेवा नसलेल्या काळातील देखभालीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न अशा करारांच्या केंद्रस्थानी असावयास हवा.

२०१६ च्या राष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक धोरणातून 'उडान' या नावाने ओळखली जाणारी प्रादेशिक जोडणी योजना आली. तिचे स्वरूप थोडक्यात असे : निवडलेल्या मार्गावर विमान कंपनी काही आसने मर्यादित दराने विकते. सुमारे एका तासाच्या प्रवासासाठी हा दर प्रारंभी २५०० रुपये होता. त्यामुळे होणारी तूट शासन भरून काढते. तिचा ८० टक्के भार केंद्राकडे, २० टक्के राज्याकडे. राज्याने विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवावा, पोलीस व अग्निशमन सेवा विनामूल्य द्यावी, अशी अपेक्षा असते. हे साहाय्य तीन वर्षांपुरते असते.

२७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेतील पहिल्या उड्डाणांचा प्रारंभ झाला. सिमला–दिल्ली व कडप्पा–हैदराबाद यांच्यासमवेत नांदेड–हैदराबाद हा मार्ग त्या दिवशी सुरू झाला, ही मराठवाड्याच्या दृष्टीने उल्लेखनीय घटना होती. ट्रूजेट ही कंपनी हा मार्ग चालवीत असे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एअर इंडियाने अमृतसर–नांदेड सेवा सुरू केली. या सेवा सलग राहिल्या नाहीत. कोविडच्या काळात उड्डाणे विस्कळीत झाली आणि २०२२ मध्ये ट्रूजेटचीच सर्व उड्डाणे थांबली. नांदेडची धावपट्टी पुन्हा गजबजण्यास २०२४ चा मार्च अखेर उजाडावा लागला. त्या वेळी स्टार एअर कंपनीने बंगळूरु, दिल्लीलगतचे हिंडन व पंजाबातील आदमपूर यांना नांदेडशी जोडणारी सेवा सुरू केली.

नांदेडचा हा अनुभव अपवादात्मक नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच होऊ शकली नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्या मुदतीनंतरही चालू राहिलेले मार्ग अवघे ५४ होते. म्हणजे मंजूर मार्गांच्या सात टक्के. अमेरिकेत १९७८ च्या निर्बंधमुक्तीनंतर लहान गावांसाठी सुरू केलेली अत्यावश्यक हवाई सेवा योजना आजही अनुदानावर चालते. तेथे अशा मार्गांना कायमच्या साहाय्याची गरज असते, हे गृहीत धरले गेले आहे. आपल्याकडे तीन वर्षांत ते स्वावलंबी होतील, असे मानले गेले. योजनेच्या सुधारित स्वरूपाची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली असून तीत दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे जोडण्याचे उद्दिष्ट आहे. नव्या ठिकाणांबरोबर जुन्या ठिकाणांच्या सातत्याचाही विचार व्हावा, असे महालेखापरीक्षकांची आकडेवारी पाहता म्हणावे लागते.

हिंगोली जिल्ह्याची गरज

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात हवाई वाहतुकीची गरज भावनेने नव्हे, तर वस्तुस्थितीने तपासली पाहिजे. वसमत व हिंगोली परिसर हळदीच्या उत्पादनासाठी व बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. विमानतळाच्या मागणीत हळदीच्या निर्यातीचा उल्लेख आवर्जून होतो. परंतु वाळविलेली हळद नाशवंत नाही, वजनदार आहे आणि किलोमागे तिचे मूल्य मर्यादित आहे. अशा मालासाठी रेल्वे व जहाज हीच किफायतशीर साधने होत. हळदीसाठी साठवणगृह, प्रक्रिया उद्योग व पूर्णा–अकोला लोहमार्गावर पुरेशी मालवाहतूक या गोष्टी विमानतळाहून अधिक उपयुक्त आहेत.

गरज खरी आहे ती तीन क्षेत्रांत. पहिले क्षेत्र तीर्थयात्रेचे. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंग म्हणून पूजले जाते, तर हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने पंजाबातील भाविकांना नर्सीविषयी आदर आहे. पंजाब व नांदेड यांना जोडणारे प्रत्येक विमान म्हणूनच हिंगोली जिल्ह्यासाठीही अर्थपूर्ण आहे. दुसरे क्षेत्र विज्ञानाचे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींच्या संशोधनासाठी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारली जात आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह तिला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. देशविदेशांतील शास्त्रज्ञांची येथे सततची ये-जा राहणार आहे. मात्र या वेधशाळेच्या प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या भुजांना अत्यंत सूक्ष्म कंपनेही बाधक ठरतात. जमिनीची शांतता हा जागा निवडतानाचा महत्त्वाचा निकष होता. त्यामुळे विमानतळ जवळ असावा, पण अगदी शेजारी नसावा, हेच वेधशाळेच्या हिताचे आहे. तिसरे क्षेत्र आरोग्याचे. अतिगंभीर रुग्णास किंवा प्रत्यारोपणासाठीच्या अवयवास काही तासांत महानगरात पोहोचविण्यासाठी प्रवासी सेवेची नव्हे, तर सुस्थितीतील, परवानाधारक व दिव्यांनी सज्ज धावपट्टीची आवश्यकता असते.

या तिन्ही गरजा नांदेडचा विमानतळ भागवू शकतो; अट एवढीच की तो अखंड सुरू राहिला पाहिजे आणि हिंगोलीहून तेथपर्यंतचा रस्ता भरवशाचा असला पाहिजे. प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र विमानतळ दिल्यास उपलब्ध प्रवासी विभागले जातील आणि एकाही ठिकाणी सेवा टिकणार नाही. नांदेड, लातूर व धाराशिव हे परस्परांपासून फार दूर नसलेले विमानतळ एकाच वेळी नियमित सेवेने चालविणे आजवर शक्य झालेले नाही, याचा बोध घेतला पाहिजे.

निष्कर्ष व सूचना

१) लहान विमानतळाचा खर्च बव्हंशी स्थिर असल्याने तो केवळ प्रवासी उत्पन्नावर चालू शकत नाही. त्यास सार्वजनिक सुविधा मानून देखभालीसाठी स्वतंत्र व नियमित तरतूद असावी.

२) विमानसेवा आणि विमानतळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. सेवा बंद पडली तरी धावपट्टी, भिंत, दिवे व अग्निशमन सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी करारात निःसंदिग्धपणे नमूद असावी. अमेरिकेतील अनुदानासोबतची बंधने या दृष्टीने अनुकरणीय आहेत.

३) नांदेड, हिंगोली, परभणी या जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदा व नागरी संस्था यांच्या प्रतिनिधींचा समावेश असलेली वैधानिक सल्लागार समिती स्थापन करावी. विमानतळाचा लाभ अनेक जिल्ह्यांना होत असताना त्याविषयीचा आवाज एकाच शहरापुरता असू नये.

४) नियमित सेवेपलीकडील उपयोग वाढवावेत. गोंदियाजवळील बिरसी, बारामती येथे वैमानिक प्रशिक्षणामुळे धावपट्ट्यांचा वापर होत राहिला. मराठवाड्यातील महाविद्यालयांना या क्षेत्रातील अभ्यासक्रमांची जोड देता येईल.

५) हिंगोली जिल्ह्याने स्वतंत्र विमानतळाच्या मागणीऐवजी नांदेडपर्यंतचा जलद रस्ता, विमानाच्या वेळेशी जुळणारी बससेवा आणि जिल्हा रुग्णालयाजवळ रात्रीही वापरता येणारे हेलिपॅड यांचा आग्रह धरणे अधिक हितावह ठरेल.

समारोप

मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा आजवर काय मिळाले नाही याभोवती फिरत आली. नांदेडच्या विमानतळाचा इतिहास एक निराळा प्रश्न पुढे ठेवतो : जे मिळाले ते राखण्याची व्यवस्था कोणती? २३०० मीटरची धावपट्टी येथे आहे, ती सार्वजनिक पैशातून झाली आहे, आणि तरीही तिच्यावरून विमान उडेल की नाही हे दर काही वर्षांनी अनिश्चित होते. रस्ता बांधला की त्याच्या देखभालीचा प्रश्न ग्रामसभेतही विचारला जातो. धावपट्टीचा प्रश्न विचारण्याची जागाच आपल्या व्यवस्थेत नाही. ती जागा निर्माण करणे हे नवा विमानतळ बांधण्यापेक्षा कमी खर्चाचे, परंतु अधिक निकडीचे काम आहे.